सहा स्पीकर, दोनच आवाज

पुणे–पंढरपूर पालखी मार्गावरचं वेळापूर बाहेरच्यांना ठाऊक आहे ते अर्धनारीनटेश्वराच्या हेमाडपंती देवळामुळे आणि आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी तिथे मुक्काम करते म्हणून. माळशिरस तालुक्याचा हा पट्टा उसाचा. इथल्या नव्या स्लॅबच्या घरांत हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही, शोकेसमध्ये होम थिएटरचे पाच छोटे स्पीकर नि एक भलामोठा वूफर, आणि आतल्या खोलीत कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा कॉम्प्युटर, या तिन्ही वस्तू एकाच छताखाली असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. सुट्टीत कधीतरी एचडीएमआयची वायर आणली जाते, कॉम्प्युटर टीव्हीला जोडला जातो, पडद्यावर चित्र उमटतं आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. तिथे अर्धंच काम झालेलं असतं. चित्र वायरमधून आपसूक येतं. आवाजाला वाट करून द्यावी लागते. ती न मिळाल्याने सहा स्पीकर असलेल्या कितीतरी घरांत दोनच स्पीकरांपुरता आवाज सगळीकडून वाजत राहतो, आणि कानांना त्याची सवय झालेली असल्याने ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कॉम्प्युटरवरून सिनेमा बघणं ही घरगुती युक्ती वाटेल, पण खुद्द थिएटरंही आता तेच करतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांनी टुरिंग टॉकीजचा काळ पाहिला आहे: ट्रकवर लादलेला प्रोजेक्टर, रिळांचे डबे, कनातीचा तंबू आणि भोंग्यावरून दिवसभर चाललेली जाहिरात. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या टॉकीजांमागे वर्षानुवर्षं हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ च्या कान महोत्सवात त्याला माहितीपटांच्या पुरस्कारात विशेष उल्लेखाचा मान मिळाला. जुने, कुरकुरणारे प्रोजेक्टर जाऊन तंबूत डिजिटल यंत्रं आली, तो सांधेबदल या माहितीपटात दिसतो. त्या यंत्रांमागचे नियम हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी एकत्र बसून २००५ साली ठरवले होते. सिनेमा म्हणजे हार्ड डिस्कवरच्या फायली. सेकंदाला २४ चित्रं. आवाजाचा प्रत्येक ट्रॅक वेगळा आणि अजिबात न दाबलेला. प्रोजेक्शन रूममध्ये आज जे बसलेलं असतं तो एक सर्व्हर, म्हणजे कॉम्प्युटरच. तेव्हा घरात कॉम्प्युटर, पडदा आणि स्पीकर जोडणारा माणूस थिएटरचीच मांडणी लहान प्रमाणात करत असतो. ती नीट करण्याइतकी ती मोलाची आहे.

पहिला प्रश्न बाजारातल्या खोक्याचा. ‘होम थिएटर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एका प्रकारात खरा रिसीव्हर असतो: मागे एचडीएमआयचे तीन-चार इनपुट, टीव्हीकडे जाणारा एक आउटपुट, आणि डॉल्बी, डीटीएस उलगडणारी चिप. दुसऱ्या प्रकारात वूफरच्या डब्यातच अ‍ॅम्प्लिफायर असतो, पुढे ब्लूटूथ, एफएम आणि पेन ड्राइव्हची सोय असते. हा दुसरा प्रकार स्वस्त, आणि म्हणून गावोगाव तोच जास्त दिसतो. त्याची पाठ बघितली की त्याचा वकूब कळतो. तिथे लाल-पांढऱ्या पिनांची एकच जोडी असेल तर आत शिरणारा आवाज दोनच चॅनेलचा; मागचे स्पीकर त्याच आवाजाची नक्कल वाजवतात. तीन जोड्या असतील आणि त्यांवर फ्रंट, सराउंड, सेंटर-वूफर असं लिहिलेलं असेल, तर त्या डब्याला खरा ५.१, म्हणजे पाच स्पीकर नि एक वूफर यांचा वेगवेगळा आवाज देता येतो. फक्त देणारा हवा.

देणारा कॉम्प्युटर असू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. डेस्कटॉपच्या मागे रंगीत गोल भोकं असतात. हिरवं पुढच्या दोन स्पीकरांसाठी, काळं मागच्या दोघांसाठी, केशरी मधल्या स्पीकरसाठी आणि वूफरसाठी. हे रंग १९९९ च्या सुमारास ठरले आणि आजही बहुतेक मदरबोर्डांवर तेच आहेत. एका टोकाला ३.५ मिलिमीटरचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशा तीन वायरी आणल्या, की दुकानातला तो साधा डबाही सहा वेगळे आवाज वाजवू लागतो. लॅपटॉपला मात्र एकच जॅक असतो, त्यामुळे त्याला यूएसबीवर चालणारं ५.१ साउंड कार्ड लागतं. वेष्टनावर ‘७.१’ छापलेल्या स्वस्त डोंगलला पुष्कळदा हेडफोनचं एकच भोक असतं. तो ७.१ केवळ हेडफोनमधला आभास असतो, तेव्हा विकत घेण्याआधी भोकं मोजावीत.

ज्यांच्याकडे रिसीव्हर आहे त्यांची चूक निराळी. कॉम्प्युटर टीव्हीला जोडतात, आणि टीव्हीतून दुसरी वायर होम थिएटरला नेतात. दिसायला हे सरळ आहे. पण एचडीएमआयची वायर लागताच पलीकडचं यंत्र कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतं: मी अमुक रेझोल्यूशनचं, सेकंदाला इतकी चित्रं दाखवणारं, आणि माझे स्पीकर इतके. कॉम्प्युटर त्या शब्दावर विसंबतो. अनेक टीव्ही आपल्या पोटातले दोनच स्पीकर मोजतात आणि ‘मी स्टिरिओ’ असं कळवतात. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ चा पर्यायच उमटत नाही. सिनेमाचे सहा ट्रॅक कॉम्प्युटरमध्येच एकमेकांत मिसळून दोन होतात, आणि टीव्हीच्या मागच्या दारातून होम थिएटरला ते दोनच मिळतात. उपाय सोपा: कॉम्प्युटरची वायर आधी रिसीव्हरला, तिथून पुढची टीव्हीला. आता ओळख सांगणारा रिसीव्हर असतो, आणि तो सहाच्या सहा स्पीकर मोजून सांगतो. वायर लावताना आणखी एक गोष्ट बघायची. ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपला एचडीएमआयची दोन ठिकाणी भोकं असतात, वर मदरबोर्डची आणि खाली कार्डाची. वायर खालच्यात जायला हवी. वरच्यात गेली की महागड्या कार्डाचा गेमला काहीच उपयोग होत नाही.

टीव्हीतून होम थिएटरकडे उलटा आवाज नेणारी ‘आर्क’ नावाची सोय २००९ मध्ये आली. तिची धाव साधारण जुन्या ऑप्टिकल वायरीएवढीच आहे. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या ‘ई-आर्क’ने ही मर्यादा काढून टाकली, तिच्यातून आठ चॅनेल न दाबता जातात. टीव्ही आणि साउंडबार दोन्हींवर ई-आर्क लिहिलेलं असेल, तर कॉम्प्युटर थेट टीव्हीला जोडूनही बऱ्याचदा काम भागतं.

ऑप्टिकल वायरीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण सिनेमा आणि गेम यांच्यातला मूळ फरक तिच्यामुळे उघडा पडतो. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही वायर प्रकाशावर चालते. सीडीच्या जमान्यातली असल्याने तिच्यात न दाबलेले दोनच चॅनेल मावतात. हिशेब करून बघता येईल: सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, म्हणजे दोन चॅनेलला सुमारे १५ लाख बिट, सहा चॅनेलला ४६ लाख. सिनेमाला याची अडचण होत नाही, कारण डिस्कवर किंवा फायलीत त्याचे सहा ट्रॅक डॉल्बी डिजिटलमध्ये आधीच दाबून ठेवलेले असतात, साधारण ४ ते ६ लाख बिटांत. तो गठ्ठा कॉम्प्युटरने न उलगडता तसाच पुढे सरकवला की रिसीव्हर उलगडतो. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये ‘पासथ्रू’ नावाची सेटिंग असते ती यासाठीच.

गेमचा आवाज असा आधी बांधून ठेवलेला नसतोच. खेळणारा डावीकडे वळला तर मागचा झरा डाव्या कानाशी यायला हवा, आणि तो कधी वळणार हे गेम लिहिणाऱ्याला माहीत नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरचा गेम आणला. अशा गेममध्ये प्रत्येक घाव, प्रत्येक पाऊल त्या-त्या क्षणी वाजतं, आणि कुठल्या स्पीकरला किती द्यायचं याचं गणित गेमचं इंजिन जागच्या जागी करतं. हे ताजे, न दाबलेले चॅनेल ऑप्टिकलमध्ये मावत नाहीत. साउंड कार्डाला चालता-चालता डॉल्बीत दाबायची सोय नसेल, तर गेम दोन चॅनेलवर उतरतो. एचडीएमआयमध्ये आठ चॅनेल तसेच्या तसे जातात. म्हणून सिनेमापुरती ऑप्टिकल पुरेल, गेम खेळायचे तर एचडीएमआयच हवी.

गेमचा दुसरा शत्रू म्हणजे उशीर. सेकंदाला ६० चित्रं चालली तर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. टीव्ही मात्र चित्र सुंदर करण्याच्या नादात ते आधी अडवून ठेवतो, रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो. यात १०० मिलिसेकंद गेले तर खेळणारा सहा चित्रं मागे पडला. क्रिकेटच्या गेममध्ये चेंडू बॅटपाशी येऊन गेलेला असतो आणि बोट नंतर दाबलं जातं. टीव्हीतला ‘गेम मोड’ ही सगळी सजावट बंद करतो. ब्लूटूथचा तोटाही इथेच कळतो. त्याच्या साध्या जोडणीत आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागे राहतो. सिनेमा दाखवणारं अ‍ॅप चित्र तेवढंच थांबवून दोघांचा मेळ घालू शकतं. गेमला ही मुभा नाही. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर हॉलमध्ये हलवायचा नसेल तरीही वायरच बरी. साधी तांब्याची एचडीएमआय वायर फोर-के चित्रासाठी पाच मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. त्यापुढे फायबरची एचडीएमआय वायर मिळते. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. उलटी लावली तर चित्र येत नाही आणि वायर खराब निघाली असं वाटतं.

चित्राचं काम त्यामानाने थोडक्यात उरकतं. टीव्हीच्या कडांना डेस्कटॉपची पट्टी कापली जात असेल तर ती जुन्या काचेच्या टीव्हीच्या काळातली सवय आहे. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडलं की चित्र पूर्ण बसतं. काळा रंग राखाडी दिसत असेल तर कॉम्प्युटर आणि टीव्ही रंगांची वेगवेगळी पट्टी धरून बसलेले असतात, एक ० ते २५५ ची आणि दुसरा १६ ते २३५ ची. दोघांना एकीवर आणावं. कॅमेरा संथपणे फिरताना दृश्य अडखळत असेल तर कारण २४ आणि ६० च्या भागाकारात आहे. सिनेमाची सेकंदाला २४ चित्रं ६० च्या पडद्यावर बसवताना एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवावं लागतं. सिनेमा लावण्याआधी रिफ्रेश रेट २४ वर आणला की हे अडखळणं थांबतं, आणि गेमला बसताना तो पुन्हा ६० किंवा १२० वर न्यायचा. ओटीटीवरचे सिनेमे मात्र टीव्हीच्याच अ‍ॅपमध्ये बघावेत. कॉपीच्या धास्तीने अनेक कंपन्या ब्राउझरला कमी रेझोल्यूशन आणि स्टिरिओ आवाजच देतात. कॉम्प्युटर आपल्या फायलींसाठी, डिस्कसाठी आणि गेमसाठी ठेवावा.

जोडणी जमली की नाही हे कानांवर न सोडता तपासता येतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये साउंडमध्ये जाऊन ‘कॉन्फिगर स्पीकर्स’ उघडलं, ५.१ निवडलं आणि चित्रातल्या एकेका स्पीकरवर क्लिक केलं, की तोच एकटा वाजायला हवा. मागचा डावा दाबल्यावर पुढचा उजवा वाजला तर वायरी अदलाबदल झाल्या आहेत. ही दोन मिनिटांची चाचणी दुकानदारासमोरच करून घ्यावी.

त्यानंतर ऐकण्यासारखं काही लावावं. सोलापूर जिल्ह्याचंच उदाहरण घ्यायचं तर करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’, २९ एप्रिल २०१६ ला आलेला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या शेतांवर आणि विहिरींवर ती व्हायोलिनं पसरतात तेव्हा ती पडद्याच्या पल्याडपर्यंत पसरावीत हीच अपेक्षा असते. टीव्हीच्या खाली बसवलेल्या दोन बारक्या स्पीकरांतून ती पसरत नाहीत. याउलट प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीसांच्या आवाजातला हा चित्रपट एकाच ट्रॅकचा आहे. त्याला ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असले इफेक्ट लावून सहा स्पीकरांत फिरवणं म्हणजे अभंगाचे शब्द पुसट करणं. तो एका मधल्या स्पीकरमधून, समोरून, तसाच ऐकावा. कुठला आवाज किती जागी असावा हे सिनेमा करणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. घरच्या यंत्राने त्याचा मान राखावा.

एवढं करूनही आवाज घुमत असेल तर दोष खोलीचा. स्लॅब, सिमेंटचा गिलावा, फरशी, काच, यांतला कुठलाच पृष्ठभाग आवाज शोषत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाकडे एक नवं व्याख्यानगृह सोपवलं, कारण तिथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत राही आणि व्याख्यान कळत नसे. सबाइनने दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज किती वेळात विरतो ते घड्याळावर मोजलं, आणि गाद्या वाढवत-वाढवत एक सूत्र काढलं. खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा, आणि खोली एकूण किती आवाज शोषते त्या आकड्याने भागा. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच सूत्रावर उभा राहिला.

हे सूत्र वेळापूरच्या हॉललाही लागू पडतं. १२ बाय १५ फुटांचा, १० फूट उंचीचा हॉल ५१ घनमीटरचा असतो, आणि भिंती, छत, फरशी मिळून त्याचा पृष्ठभाग भरतो ८४ चौरस मीटर. खोली रिकामी आणि दारं-खिडक्या बंद असतील, आणि सिमेंट शेकडा तीन इतकाच आवाज शोषतं असं धरलं, तर भागाकार तीन सेकंदांच्या वर जातो. संवाद कळेनासे होतात ते याच्यामुळे, आणि लोक आवाज वाढवतात तसे ते आणखी कळेनासे होतात. आता खोलीत दहा चौरस मीटर आवाज शोषेल इतकं कापड-कापूस आणला, तर तोच आकडा पाऊण सेकंदाच्या आत येतो. याला महागडे फोमचे चौकोन लागत नाहीत. कापसाच्या दोन गाद्या, लोड, जाड गोधड्या, घोळदार पडदे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर. चादर भिंतीला चिकटवून न लावता चार बोटं अंतर सोडून, चुण्या पाडून टांगली तर ती जास्त आवाज शोषते. चादरीने तीक्ष्ण, किणकिणता घुमारा जातो. वूफरचा जडपणा जायला गादीसारखी जाडीच लागते, शिवाय वूफर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढावा लागतो.

स्पीकर कुठे ठेवायचे याचंही प्रमाण ठरलेलं आहे. बसणाऱ्याच्या नजरेपासून पुढचे दोघे डाव्या-उजव्या हाताला ३० अंशांवर, मधला बरोबर समोर, आणि ‘मागचे’ म्हणवणारे दोघे खरं तर बाजूला, किंचित मागे, ११० अंशांच्या आसपास. पाचही स्पीकर शोकेसमध्ये ओळीने मांडले तर आधीची सगळी मेहनत पाण्यात गेली. लांब वायरी भिंतीच्या पट्टीतून न्याव्या लागल्या तरी त्या न्याव्यात.

शेवटी विजेचं, कारण गावाकडे निम्म्या तक्रारी तिथून निघतात. स्पीकरमधून सतत ‘हंऽऽ’ असा गुंजारव येत असेल तर तो ५० हर्ट्झचा, म्हणजे घरच्या विजेचाच. कॉम्प्युटर एका खोलीतल्या सॉकेटवर, वूफर दुसऱ्या, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, की तो फरक आवाजाच्या वायरीतून वाहू लागतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घेतली की बहुधा तो जातो. नाही गेला तर ऑप्टिकल वायर कामी येते, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. काही जण प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकतात आणि गुंजारव थांबला म्हणून समाधान मानतात. तसं कधीही करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. तिच्यावाचून कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागताच झटका बसू शकतो. घराची अर्थिंगच कमजोर असेल तर वायरमनकडून ती नव्याने करून घेणं हा होम थिएटरवरचा सगळ्यात आधीचा खर्च समजावा.

लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडत असेल तर इन्व्हर्टरमागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते पाहावं; साध्या मोडमध्ये तो वीज पालटायला जास्त वेळ घेतो. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग चढू लागले की नुसता टीव्ही बंद करून भागत नाही. वीज जवळपास पडली तर झटका डिशच्या किंवा केबलच्या वायरीतूनही आत शिरतो, आणि एचडीएमआयची नाजूक चिप सर्वांत आधी जळते: टीव्हीची, रिसीव्हरची आणि ग्राफिक्स कार्डाची, तिन्ही एका फटक्यात. म्हणून गडगडाट दूर असतानाच प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत, आणि पाऊस पूर्ण ओसरल्यावरच परत लावावीत.